दत्तक मुलाचा समुपदेशक कसा असावा?

मूल बिघडले की आजकाल शाळा, नातेवाईक, फॅमिली डॉक्टर सगळे एकच सांगतात, ‘समुपदेशकाला दाखवा.’ सल्ला बरोबर आहे. पण मूल दत्तक असेल, किंवा आईबाप गेल्यामुळे खालाच्या, चाचाच्या घरी वाढत असेल, तर कोणत्या समुपदेशकाला दाखवायचे हे आधी पाहावे, असे आम्हाला वाटते. मानसशास्त्राची पदवी घेतलेला भला माणूसही या मुलांच्या बाबतीत चुकू शकतो आणि त्या चुकीपायी कधीकधी जोडलेले नातेच तुटते.

दहा वर्षांचा मुलगा पोळ्या गादीखाली लपवतो, खोटे बोलतो, अम्मीने आवाज चढवला की घर सोडून जाण्याची भाषा करतो. नेहमीचा सल्ला ठरलेला आहे. चांगले वागला तर तक्त्यावर तारा, वाईट वागला तर दहा मिनिटे खोलीत एकटे बसवायचे. सुरक्षित वाढलेल्या मुलाला हे चालून जाते. ज्याने एकदा घर गमावले आहे, त्याला मात्र ‘जा, एकटा बस’ याचा अर्थ ‘आता यांनाही मी नकोसा झालो’ असा लागतो. पोळी लपवणे ही चोरी नसते. उद्या मिळेल की नाही, ही जुनी भीती असते. जाणता समुपदेशक अशा वेळी तक्ता बाजूला ठेवतो आणि मुलाच्या हाताला येईल असा, कधीही रिकामा न होणारा खाऊचा डबा ठेवायला सांगतो. त्याने पालकांना बाहेरच्या बाकावर बसवून ठेवू नये. ज्या नात्यावरचा विश्वास उडाला आहे तेच नाते सावरायचे असेल, तर अम्मी-अब्बाही आत हवेत.

हे अंगभूत येत नाही, शिकवावे लागते. अमेरिकेत मेरीलँड राज्यातील ‘सेंटर फॉर अॅडॉप्शन सपोर्ट अँड एज्युकेशन’ या संस्थेने पदव्युत्तर शिक्षण झालेल्या थेरपिस्टांसाठी ७२ तासांचा स्वतंत्र अभ्यासक्रम तयार केला. वर्ग संपल्यावर त्यांनी आपल्याकडची अवघड प्रकरणे काही महिने अनुभवी व्यक्तींपुढे मांडायची असतात. आम्हाला यातला हा दुसरा भाग अधिक मोलाचा वाटतो. बी.एड.चे पाठ पाठ करून कोणी शिक्षक होत नाही, वर्गात उभे राहिल्यावर आणि मागे कोणी जाणकार बसलेला असल्यावर होतो, तसेच हे. आपल्याकडे २०२० पासून बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये केंद्र सरकारच्या मदतीने ‘संवाद’ हा उपक्रम चालतो. संकटातील मुलांबरोबर काम करणाऱ्यांना तो प्रशिक्षण देतो. पण तालुक्याच्या गावी मराठी किंवा दखनी बोलणाऱ्या मुलाला असा माणूस मिळणे अजून नशिबाचीच गोष्ट आहे.

गरज नेमकी कधी लागते? दत्तक नियमांप्रमाणे संस्थेने दर सहा महिन्यांनी, दोन वर्षांपर्यंत मुलाची खबर घ्यायची असते. वादळ मात्र बहुधा बाराव्या-तेराव्या वर्षी उठते. तोवर दुधाचे दात असताना आलेल्या त्या मुलाची फाईल कधीच बंद झालेली असते. घरातल्या घरात, कागदाशिवाय सांभाळलेल्या मुलाकडे तर कोणीच येत नाही.

आपल्या घरांत याच वयात आणखी एक गोष्ट घडते. यतीमाची कफालत मोठ्या सवाबाची, पण त्याचा नसब बदलायचा नाही, हे आपण जाणतो. हजरत झैद यांना पुन्हा त्यांच्या वडिलांच्या, हारिसांच्या नावाने ओळखले जाऊ लागले, हा इतिहासही परिचित आहे. यात एक मोठा फायदा आहे. मुलापासून सत्य लपवावे लागत नाही, आणि लहानपणापासून खरे सांगावे हेच आज तज्ज्ञही सांगतात. पण मूल वयात आले की महरमचा प्रश्न येतो. कालपर्यंत अब्बाच्या गळ्यात पडणाऱ्या मुलीला अचानक ‘जरा लांब बस’ असे सांगितले जाते. कारण कोणी सांगत नाही. ‘मी कोण?’ हे ती विचारू लागते त्याच सुमारास घर एक पाऊल मागे सरते.

अप्रशिक्षित समुपदेशक याला पालकांची निष्ठुरता म्हणेल, नाहीतर ‘हा तुमचा धार्मिक मामला’ म्हणून विषय टाळेल. दोन्हींनी मुलीचे भले होत नाही. जाणत्याने हे आधी विचारावे, शक्य तर मूल सात-आठ वर्षांचे असतानाच. पहिल्या दोन वर्षांत कोणी दूध पाजले होते का? कारण रजाअतने नाते महरमचे होते. बाकी तपशील आलिमांना विचारता येतो. मिठी कमी होणार असेल, तर तिच्या जागी काय येणार? अब्बाबरोबर रोजचा अभ्यास, तिच्या आवडीचे जेवण, रात्रीची निवांत गप्प, काहीतरी यायलाच हवे. वारशाचेही तसेच आहे. ‘तुला हिस्सा नाही’ हे मुलाला एखाद्या लग्नात चुलतभावाकडून कळण्यापेक्षा, हयातीत हिबा करता येतो, एक तृतीयांशापर्यंत वसीयत करता येते, हे त्याने घरच्यांकडून ऐकावे. जुवेनाइल जस्टिस कायद्याने दत्तक घेण्याचा मार्गही मुस्लिमांना खुला आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले. त्या मार्गाने आलेल्या मुलाचे कायदेशीर स्थान वेगळे असते. समुपदेशकाला या दोन्ही वाटा ठाऊक हव्यात.

फोनवर वेळ घेतानाच विचारावे, ‘अशा किती मुलांबरोबर काम केले आहे? आम्हाला आत बसवाल का? प्रकरण अडले तर सल्ला कुणाचा घेता?’ समोरची व्यक्ती मुलादेखत ‘खरी आई’ असे बोलत असेल, तर आम्ही दुसरे दार शोधू. मूल जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा करत असेल, तर मात्र भेटीच्या तारखेची वाट पाहू नये. त्याला एकटे सोडू नये, जवळचे रुग्णालय गाठावे. टेलि-मानसचा १४४१६ आणि चाइल्डलाइनचा १०९८ हे क्रमांक दिवसरात्र चालू असतात.

पहिल्या भेटीला जाताना एका वहीत तारखा लिहून न्याव्यात: जन्म, आईची मय्यत, मूल तुमच्या घरी आले तो दिवस, मध्ये किती घरे बदलली. काही मुलांचा त्रास दरवर्षी ठरावीक महिन्यात उसळतो, आणि त्याचे कारण कधीकधी त्या वहीतच सापडते.