खिडकीचा भाव

दिवाळी आली. सोयाबीन काढणीचा फुफाटा काचांवर बसलाय अन् अंजनगावात घरोघरी खिडक्या धुणं सुरू आहे. आमच्याकडच्या मावशींनी भाव सांगितला. खालची खिडकी ४० रुपये, वरच्या मजल्यावरची ८०.

मी सवयीनं विचारलं, "मावशी, काच तेवढीच, मग भाव डबल कसा?"

"भाऊ, खाली पडली तं उठून उभी राहीन. वरून पडली तं लेकरायले कोन पाहीन?"

मी गप्प. बाहेरून काच पुसायला ही बाई छज्ज्यावर उभी राहते, एका हातानं ग्रिल धरते. ना दोरी, ना कोणी धरायला. घर बांधताना काचेवर हजारो घालणारे आपण इथं वीस रुपयांसाठी घासाघीस करतो.

बऱ्याच स्लाइडिंगचे पल्ले वर उचलले की चौकटीतून निघतात. दोघांनी मिळून काढा, खाली अंगणात धुवा. छज्ज्यावर कोणाला चढवू नका. काच पुसायला जुना पेपर बेस्ट, आमच्या बातम्यांचा तेवढाच उपयोग!

अन् एक. घरेलू कामगारांसाठी राज्यात २००८ चा कल्याण मंडळाचा कायदा आहे. वय १८ ते ६० असेल तर नोंदणी होते, त्यासाठी काम देणाऱ्याचा दाखला लागतो. मावशींना तो मी इतकी वर्षं दिलाच नव्हता. काल लिहून दिला.

तुम्ही दिला का?