दहा नंबरची सुई, दहा तासांचा टॉप
व्हिंटेज लूक विकत घ्यायचा की विणायचा? निर्णय घेण्याआधी जरा घड्याळ लावा!

आजीची किंवा मावशीची विणकामाची पिशवी घरात कुठेतरी असेलच. माळ्यावर, दिवाणाखाली, नाहीतर त्या जुन्या सुटकेसमध्ये. या वीकेंडला ती खाली काढा. अर्धवट मोजा, गुंतलेली लोकर, मासिकातली पिवळी पडलेली कात्रणं आणि सुयांची जोडी, असा सगळा ऐवज आत सापडेल. सुयांच्या टोपीवर नंबर असतो. बहुतेक वेळा दहा किंवा बारा. आता गंमत बघा. १९४० च्या दशकातला एखादा ब्रिटिश स्वेटरचा नमुना उघडलात, तर त्यातही 'सुया नंबर १०' असंच लिहिलेलं असतं. आणि ती हीच सुई! सव्वातीन मिलिमीटर जाडीची. तिकडे पुढे मिलिमीटर आले, आपल्याकडे दुकानदार अजूनही 'दहा नंबर देऊ का ताई?' असंच विचारतो. म्हणजे व्हिंटेज विणकामाचं अर्धं सामान तुमच्या घरात आधीच आहे, बॉस!

सध्या पफ बाह्यांचे आखूड स्वेटर, वेगळी लावता येणारी क्रोशाची कॉलर, ग्रॅनी स्क्वेअरचे टॉप यांची फॅशन जोरात आहे. दिसायला एकदम गोड. पण नुसता फोटो बघून सुया हातात घेतल्या, तर फजिती ठरलेली. त्यामागचा फंडा आधी समजून घेऊ.

स्टाइल नव्हे, रेशन!

चाळीसच्या दशकातला तो टिपिकल ब्रिटिश स्वेटर कमरेपर्यंतच का? अंगालगत का? इतक्या बारीक लोकरीचा का? उत्तर कुठल्या डिझायनरकडे नाही, कूपनच्या पुस्तकात आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये १ जून १९४१ पासून कपड्यांचं रेशनिंग सुरू झालं. पहिल्या वर्षी माणशी ६६ कूपन. एका ड्रेसला त्यातली ११ जायची. विणायच्या लोकरीला दोन औंसांमागे, म्हणजे साधारण ५७ ग्रॅमला, एक कूपन. मग काय, बायकांनी हिशोब केला. लोकर कमी लागावी म्हणून स्वेटर आखूड आणि अंगाबरोबर. जुना विटला की उसवायचा, लोकर धुवायची आणि नवा विणायचा. उरलेल्या तुकड्यांचे रंगीत पट्टे. १९४३ मध्ये तर सरकारनंच 'मेक डू अँड मेंड' नावाची पुस्तिका काढली. थोडक्यात, आहे त्यात भागवा आणि फाटलेलं दुरुस्त करा. हे रेशनिंग संपलं ते थेट मार्च १९४९ मध्ये.

उसवून पुन्हा विणणं आपल्याला तरी कुठे नवीन आहे? समोर एका मुलाला हात पुढे करून बसवायचं आणि त्याच्या हातांवर लोकरीची लडी चढवायची, हा कार्यक्रम कित्येक मराठी घरांत झालाय. दादाचा स्वेटर पुढच्या थंडीत धाकट्याचं बिनबाह्यांचं जॅकेट व्हायचा. रिसायकलिंग हा शब्द यायच्या आधीची ही गोष्ट.

नमुना जुना, बॉडी आजची

आता प्रॅक्टिकल. जुना नमुना जसाच्या तसा विणू नका. तीन ठिकाणी थांबा.

एक, साइज. जुने नमुने पुष्कळदा एकाच मापाचे असतात, बस्ट ३४ किंवा त्याच्या आसपास. त्यात मोकळेपणा जवळजवळ नसतो. लांबीही कमरेशीच संपते, कारण तेव्हाचे स्कर्ट आणि पँट कमरेच्या वर बसायचे. तुमची जीन्स लो-वेस्ट असेल, तर मधे चांगली तीन-चार इंचांची 'बाल्कनी' उघडी राहील. तेवढी लांबी सुरुवातीलाच वाढवा.

दोन, टाक्यांचं गणित. हे टाळणाऱ्याला माफी नाही. समजा नमुन्यात इंचाला ८ टाके आहेत आणि माप ३४, म्हणजे एकूण २७२ टाके. तुमच्या आजच्या जाड लोकरीत इंचाला ६ च टाके बसतात. तुम्ही आपले श्रद्धेनं २७२ टाके घातलेत, तर स्वेटर होणार ४५ इंचांचा! त्यात तुम्ही आणि तुमची बेस्ट फ्रेंड दोघी मावाल. म्हणून आधी चार इंचांचा चौकोनी तुकडा विणा, धुवा, वाळवा आणि मग मोजा. इथे इंचाला ६ म्हणजे २०४ टाके पुरे.

तीन, भाषा. ब्रिटिश नमुन्यात सुईचा नंबर जितका मोठा, तितकी सुई बारीक. १४ नंबर दोन मिलिमीटरची, ८ नंबर चार मिलिमीटरची. अमेरिकन नंबर याच्या बरोब्बर उलटे, तिथली आजची १० नंबर सुई सहा मिलिमीटरची. क्रोशातही तसाच घोळ. आपण ज्याला खांब म्हणतो, तो ब्रिटिशांचा 'ट्रेबल' आणि अमेरिकनांचा 'डबल'. नमुना कुठला आहे ते न बघता सुरुवात केलीत, तर कॉलरचा रुमाल होईल.

मुंबईच्या घामात लोकर?

व्हॅलिड पॉइंट. विरारच्या लोकलमध्ये लोकरीचा स्वेटर घालायला कुणी सांगत नाही. सुती दोरा घ्या. पण एक लक्षात ठेवा, सुताला लोकरीसारखी लवचिकता नसते. कमरेची सुलट-उलट टाक्यांची पट्टी सुतात काही दिवसांत सैल पडते आणि लोंबते. त्यामुळे आपल्या हवेत सुयांपेक्षा क्रोशे जास्त कामाचा, आणि टॉपपेक्षा अ‍ॅक्सेसरीज.

सुरुवात 'स्नूड'ने करा. नाव फॉरेन, वस्तू ओळखीची. आपली अंबाड्याची जाळी! युद्धकाळात कारखान्यांत काम करणाऱ्या बायका केस मशीनमध्ये अडकू नयेत म्हणून ती वापरायच्या, आणि बघता बघता तीच फॅशन झाली. कृती सोपी. सहा साखळ्या घालून गोल जोडा. त्यात बारा खांब, प्रत्येक दोन खांबांत एक साखळी. पुढच्या फेऱ्यांत पाच-पाच साखळ्यांच्या कमानी, प्रत्येक कमान खालच्या कमानीच्या मधोमध अडकवायची. दर दुसऱ्या फेरीत काही ठिकाणी एकाच कमानीत दोनदा अडकवून कमानी वाढवा. जाळी जेवणाच्या ताटाएवढी झाली की न वाढवता तीन-चार फेऱ्या घाला. शेवटच्या फेरीत कमानी दोन साखळ्यांच्या ठेवा आणि त्यातून इलॅस्टिक ओवा. झालं!

त्यानंतर कॉलर. प्लेन कुर्त्यावर किंवा फॉर्मल शर्टवर एखादी पांढरी क्रोशाची कॉलर लावा, ऑफिसमध्ये माना वळतील. उठावाची गुलाबं असलेली जी 'आयरिश' लेस आपण सुंदर म्हणून बघतो, तिची गोष्ट मात्र सुंदर नाही. १८४५ नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक गेलं, भयानक दुष्काळ पडला, तेव्हा कॉन्व्हेंटमधल्या नन्सनी मुली-बायकांना हे काम शिकवलं. त्या लेसच्या पैशांवर कित्येक घरांची चूल पेटली.

मशीन नाही, म्हणजे हात आहे

आता मुद्द्याचं. विणलेल्या स्वेटरची मशीन जुनीच. विल्यम ली नावाच्या इंग्रजानं मोजे विणायची फ्रेम १५८९ मध्येच बनवली. पण खरा क्रोशे कारखान्यात ढिगानं विणून देणारं मशीन आजही बाजारात नाही. 'क्रोशेसारखी' दिसणारी लेस मशीनवर होते, खरा क्रोशे नाही. म्हणजे मॉलमधल्या रॅकवरचा खरा क्रोशाचा प्रत्येक टॉप कुणीतरी हातानं विणलेला असतो. टाका अन् टाका.

आता कॅलक्युलेटर काढा. ग्रॅनी स्क्वेअरचा टॉप, धरू २४ चौकोनांचा. हात बसलेल्या बाईलाही एका चौकोनाला वीस मिनिटं धरा. झाले आठ तास. जोडणं आणि किनार, आणखी दोन. एकूण दहा तास. प्राइस टॅग समजा ९९९. त्यातून दुकानाचं भाडं, ब्रँडचा नफा, टॅक्स, वाहतूक, दोरा वजा करा. उरेल त्याला दहानं भागा. जो आकडा येईल, तो त्या बाईचा ताशी पगार. तुमच्या एका कॉफीशी तुलना करून बघा.

आंध्रातल्या पश्चिम गोदावरी जिल्ह्यात नरसापूर आहे. तिथल्या बायका पिढ्यान् पिढ्या क्रोशाची लेस विणतात आणि ती परदेशी जाते. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८२ मध्ये त्यांच्यावर पुस्तक लिहिलं. त्यांचं निरीक्षण अंगावर येणारं आहे. या बायका रोज तासन् तास राबत होत्या, त्यांच्या कामावर निर्यातीचा धंदा उभा होता, पण त्यांना कामगार कुणी म्हणतच नव्हतं. त्या 'गृहिणी' आणि लेस म्हणजे 'फावल्या वेळचा उद्योग'. एकदा फावला वेळ म्हटलं की त्याची किंमत लावायची गरजच उरत नाही. नरसापूरच्या क्रोशे लेसला २०२४ मध्ये जीआय टॅग मिळाला. नावाला मान मिळाला, छानच. हाताला दाम मिळतो का, हा प्रश्न खरेदी करताना आपणच विचारायचा.

आणि फार लांब कशाला जायचं? रुखवतात मांडलेली क्रोशाची तोरणं, ताटांवरचे रुमाल, टीव्हीवरचं ते पांढरं कव्हर आठवा. 'काय सुंदर केलंय!' सगळे म्हणायचे. 'किती तास लागले?' हे त्या मावशीला कुणी विचारलं होतं?

म्हणून म्हणतो, एक तरी वस्तू स्वतः विणा. घड्याळ लावून विणा.

वीकेंड किट
* मध्यम जाडीचा सुती दोरा, एकाच रंगाचे दोन गुंडे. लॉट नंबर सारखा बघून घ्या, नाहीतर रंगात फरक पडतो.
* अडीच ते तीन मिलिमीटरची क्रोशाची सुई.
* मेजरिंग टेप, बोथट टोकाची शिवणाची सुई, बारीक इलॅस्टिक.
* मोबाइलचा स्टॉपवॉच. हा मस्ट!
* घरातली एक ज्येष्ठ विणकर. साखळी टाका तिच्याइतका पटकन कुणी शिकवणार नाही. शिकून झालं की तिचे तास विचारायला विसरू नका.

सोमवारी जाळी घालून ऑफिसला गेलात की शेजारच्या डेस्कवरून आवाज येणारच, "अय्या, कसली क्यूट! मला पण एक करून दे ना, तुला काय, टीव्ही बघता बघता होईल!" गोड हसायचं आणि सांगायचं, "देते की. पाच तास लागले मला. तेवढे तास माझी एक्सेल शीट तू भर."