गुड न्यूजच्या आधीची न्यूज

‘काय मग, गुड न्यूज कधी?’ लग्नाला दोन वर्षं झाली की कॅन्टीनमधल्या कलीगपासून सोसायटीतल्या काकूंपर्यंत सगळ्यांना हा प्रश्न पडतो. जिला विचारलं जातं, तिची गुड न्यूज कदाचित आठव्या आठवड्यातच येऊन गेलेली असते. ती हसते, चहाचा कप उचलते आणि डेस्कवर परतते. मिसकॅरेजबद्दल बोलायचं नाही, हा आपल्याकडचा अलिखित नियम. आज तो जरा मोडूया.

माझी एक मैत्रीण. हिंजवडीत जॉब, वय ३०, कॉलेजपासून पीसीओएस. मिसकॅरेजनंतर तिच्या डोक्यात एकच टेप वाजत होती. लॅपटॉप मांडीवर घेतला म्हणून? गाडीने लोणावळ्याला गेलो म्हणून? डॉक्टरांनी सांगितलं, कळून आलेल्या दर १०० प्रेग्नन्सीजपैकी १० ते २० अशा संपतात, आणि सुरुवातीच्या महिन्यांतल्या साधारण निम्म्या वेळा कारण असतं गर्भाच्या गुणसूत्रांतला बिघाड. थोडक्यात, लॅपटॉप आणि लोणावळा, दोघंही निर्दोष!

मग परत ट्राय कधी करायचं? २००५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने निदान सहा महिने थांबायला सांगितलं होतं. नंतरच्या अभ्यासांत मात्र त्याआधी दिवस राहिले म्हणून धोका वाढलेला दिसला नाही. त्यामुळे आता बरेच डॉक्टर म्हणतात, एक पाळी येऊ द्या, तब्येत ठीक असेल आणि मनाची तयारी असेल तर सुरू करा. मनाची तयारी दोघांचीही हवी बरं का.

हॉर्मोन्स रुसलेले असतील तर मात्र कॅलेंडर तुमचं ऐकत नाही. पीसीओएसमध्ये पाळी कधी ३५ दिवसांनी, कधी ५० दिवसांनी. केमिस्टकडचं ओव्ह्युलेशन किट एलएच हे हॉर्मोन मोजतं आणि पीसीओएसमध्ये ते अनेकदा आधीच चढलेलं असतं. मग किट उगाचच ‘आज, आज’ म्हणत राहतं! दुसरा घोळ ‘एकविसाव्या दिवसाच्या’ प्रोजेस्टेरॉन टेस्टचा. तो दिवस २८ दिवसांच्या चक्रासाठी आहे. तुमचं चक्र ३५ दिवसांचं असेल, तर टेस्ट साधारण अठ्ठाविसाव्या दिवशी हवी. नाहीतर रिपोर्ट वाचून फुकटचं रडू. थायरॉइडची टीएसएच आणि प्रोलॅक्टिन झालंय का, हेही विचारा. यांचा बिघाड पकडता येतो आणि त्यावर गोळ्याही आहेत.

स्त्रीबीज वेळेवर बाहेर पडावं म्हणून पीसीओएसमध्ये आता पहिली पसंती लेट्रोझोलला. मुळात हे ब्रेस्ट कॅन्सरचं औषध. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या ७५० स्त्रियांवरच्या चाचणीत ते घेणाऱ्या १०० पैकी साधारण २७ जणींना बाळ झालं. जुन्या क्लोमिफेनवर हा आकडा १९ होता. भारतात २०११ मध्ये या वापरावर बंदी आली होती, ती २०१७ मध्ये उठली. अर्थात गोळी डॉक्टरांच्याच सल्ल्याने, मैत्रिणीच्या प्रिस्क्रिप्शनवर नाही. फॉलिक अ‍ॅसिड मात्र ट्राय करतानाच सुरू करायचं, रोज ४०० मायक्रोग्रॅम. काहींना जास्त डोस लागतो, तो डॉक्टर ठरवतील.

आणि नवरेमंडळी, बायकोच्या दहा टेस्ट होईपर्यंत बाहेर बाकावर मोबाइल खेळत बसू नका. तुमची एक सीमेन टेस्ट असते. सगळ्यात सोपी, आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी!

आता ऑफिसचं. मिसकॅरेजनंतर सहा आठवड्यांची पगारी रजा १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात होती आणि सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही आहे. डॉक्टरांचं सर्टिफिकेट द्यावं लागतं. माझ्या मैत्रिणीने ‘व्हायरल फीव्हर’ सांगून चार दिवस सिक लीव्ह घेतली आणि पाचव्या दिवशी क्लायंट कॉलला बसली. हा हक्क आहे हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

तिचे उपचार सुरू आहेत. गुड न्यूज अजून नाही. पण परवा कॅन्टीनमध्ये पुन्हा तोच प्रश्न आला, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, ‘एकदा आली होती, राहिली नाही.’ टेबलावर सन्नाटा. मग समोरची हळूच म्हणाली, ‘माझंही असंच झालं होतं.’ त्या दिवशी दोघी लंच संपल्यावरही बराच वेळ बसून होत्या.