लालभडक फोडी म्हणजे ताज्या फोडी नव्हेत

गेल्या उन्हाळ्यात एक आई आपल्या सहा वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आली. पहाटेपासून जुलाब-उलट्या, डोळे खोल गेलेले, जीभ कोरडी. काय खाल्ले होते, असे विचारले तेव्हा ती म्हणाली, "डॉक्टरसाहेब, वडा-भजी काही नाही, फळच खाल्लं. घरून नेलेल्या सफरचंदाच्या फोडी काळ्या पडल्या म्हणून टाकून दिल्या. मग स्टँडवर कलिंगडाची प्लेट घेतली. छान लालभडक होती, वर प्लॅस्टिकही होतं."

मुलाला सलाईन लावावे लागले. दोष त्या प्लेटचाच, असे मी शपथेवर सांगणार नाही. पण माझा संशय तिच्यावरच आहे.

सफरचंद कापले की त्यातील द्रव्यांचा हवेतील प्राणवायूशी संयोग होतो आणि फोड तपकिरी होते. केळ्याचेही तेच. ताज्या फोडीचा नुसता रंग बदलला म्हणून अपाय होत नाही. लिंबाचा रस लावला तर रंग बराच वेळ टिकतो.

कलिंगड मात्र असे काळे पडत नाही. त्यावर प्लॅस्टिक ताणले की ओलावा टिकतो आणि सकाळची फोड दुपारीही ताजी दिसते. पण सालीवरून, सुरीवरून किंवा हातावरून आत गेलेले जंतू त्या प्लॅस्टिकखाली सुखाने वाढतात. कलिंगड, खरबूज, पपई ही फळे फारशी आंबट नसल्याने जंतूंचे चांगलेच फावते. त्यांचा रंग दिसत नाही, वासही येत नाही. प्लेटखाली बर्फ ठेवला, तरी तो पिण्याच्या पाण्याचाच असेल याची खात्री काय?

म्हणून माझे सांगणे एवढेच. फळ आधी धुवावे, मग कापावे. कापलेले फळ बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. कडक उन्हाळ्यात एक तासच. फ्रिजमध्ये ठेवायचे तर झाकून, ५ अंश सेल्सिअसच्या आत ठेवावे. थंडीने जंतूंची वाढ मंदावते, ते मरत नाहीत, हे विसरू नये.

विक्रेत्यांवर माझा राग नाही. गिऱ्हाईक रंग बघून घेते, म्हणून ते रंग मांडतात. आपणच "समोर कापून द्या" असा आग्रह धरला, तर ते तसे देतील. नगरपालिकेनेही फळांच्या गाड्यांजवळ स्वच्छ पाण्याचा नळ द्यावा.

आणि हो, डब्यातली तपकिरी फोड टाकून देऊन स्टँडवरची लाल फोड मुलाच्या हाती देऊ नका.