ड्रोनच्या पेटीआधी रबराचे विमान

२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पुढील पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये ५० हजार अटल टिंकरिंग प्रयोगशाळा उभारण्याची घोषणा झाली. तिचे स्वागत झाले आणि ते योग्यच होते. २०१६ पासून चालू असलेल्या या उपक्रमातील प्रयोगशाळांची संख्या १० हजारांवर पोहोचली आहे, आणि प्रत्येक शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळण्याची तरतूद आहे. तेव्हा वाद पैशाचा नाही. वाद आहे तो उड्डाणशास्त्राच्या नावाखाली त्या खोलीत विद्यार्थ्याच्या हाती काय ठेवले जाणार याचा. सध्याचा ओघ पाहता उत्तर ठरल्यासारखे आहे: चार पंख्यांचा, तयार भागांचा, पेटीतून निघणारा ड्रोन.

या ड्रोनमध्ये उडण्याचे ज्ञान असते, यात शंका नाही. पण ते विद्यार्थ्याकडे नसते, चिपमध्ये असते. जायरोस्कोप सेकंदाला शेकडो वेळा कल मोजतो आणि नियंत्रक त्यानुसार प्रत्येक मोटरचा वेग बदलतो. सांगाडा थोडा वाकडा जोडला, वजन एका बाजूला झुकले, तरी यंत्र ती चूक निमूटपणे पोटात घालते आणि हवेत स्थिर राहते. टाळ्या पडतात, छायाचित्र निघते, प्रमाणपत्र मिळते. आपण काय चुकलो होतो हे विद्यार्थ्याला कधीच कळत नाही. ज्याने नियंत्रकाची आज्ञावली स्वतः लिहिली, त्याला हा आक्षेप लागू नाही. त्याने पुष्कळ शिकलेले असते. आक्षेप बंद पेटीला आहे.

याउलट, रबराच्या पिळावर उडणारे प्रतिरूप विमान काहीही पोटात घालत नाही. रबराविरुद्धचा नेहमीचा युक्तिवाद ऊर्जेचा असतो, आणि आकडे त्याच्या बाजूचे आहेत. उत्तम प्रतीचे रबर पुरते पिळले, तर ग्रॅममागे सुमारे १० ज्यूल ऊर्जा साठवते. लिथियम-पॉलिमर बॅटरी ग्रॅममागे ५०० ज्यूलहून अधिक देते. पण शाळेत हवी ती नेमकी हीच गरिबी. १० ग्रॅमच्या विमानात १ ग्रॅम रबर असेल, तर त्यातील सगळी ऊर्जा केवळ वर चढण्यात खर्ची पडली तरी उंची येते १०० मीटर. हे गणित नववीच्या मुलाला वहीच्या कोपऱ्यात करता येते. प्रत्यक्षात विमान छताएवढेही चढत नाही, आणि मग उरलेली ऊर्जा कुठे गेली हा प्रश्न पाठ्यपुस्तकातला राहत नाही. पंख्याने किती खाल्ली, हवेच्या रोधाने किती, रबराच्या आपसातील घर्षणाने किती, याचा हिशेब त्याला हवा असतो, कारण विमान त्याचे असते.

नमुना घ्यायचा तर भारतातलाच घ्यावा. हिंदुस्तान एअरक्राफ्टचे ‘पुष्पक’ हे दोन आसनी विमान १९५८ मध्ये प्रथम उडाले आणि पुढे देशभरातील फ्लाइंग क्लबांत वापरले गेले. त्याचे पंख धडाच्या वर आहेत, म्हणून रबराच्या प्रतिरूपासाठी ते सोयीचे. पंखांचा विस्तार सुमारे ११ मीटर. १:२४ प्रमाणात तो ४६ सेंटिमीटर होतो. आता वजनाचे काय? लांबी २४ पटींनी घटली, तर आकारमान २४ च्या घनाने, म्हणजे १३,८२४ पटींनी घटते. सुमारे ६०० किलोंच्या विमानाचे प्रतिरूप त्या हिशेबाने ४३ ग्रॅमचे ठरते. पण ४३ ग्रॅमचे विमान रबरावर नेटके उडवणे कठीण. वजन चौथ्या हिश्श्यावर आणले, तर उडण्याचा वेग निम्मा होतो आणि सपाट उड्डाणाला लागणारी शक्ती आठव्या हिश्श्यावर येते, कारण वेग वजनाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो आणि शक्ती वजनाच्या दीड घातांकाप्रमाणे. शेपटीकडचा एक ग्रॅम वाचवण्यासाठी तासभर कागद घासणारा विद्यार्थी घातांक शिकत असतो, मग त्या तासिकेला हस्तव्यवसाय म्हणा की गणित.

‘पुष्पक’ साधल्यावर ‘एचटी-२’ घ्यावे. १९५१ मध्ये उडालेले हे प्रशिक्षण विमान डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली घडले. कोल्हापूरकडचे घाटगे जर्मनीतील ग्योटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली शिकले होते, आणि हवेच्या सीमास्तराची कल्पना ज्यांनी मांडली ते हेच प्रांटल. ‘एचटी-२’चे पंख धडाच्या खालच्या अंगाला आहेत, म्हणून त्याचे प्रतिरूप आडवे कलंडायला उत्सुक असते. वैमानिक खऱ्या विमानाला सावरतो, प्रतिरूपात वैमानिक नाही. तेव्हा पंखांची टोके मूळ आराखड्याहून अधिक उचलावी लागतात, शेपटीचे क्षेत्रफळही बहुधा थोडे वाढवावे लागते. मूळ रूपाशी किती प्रामाणिक राहायचे आणि हवेपुढे किती नमायचे, हा निर्णय चौदा वर्षांच्या मुलाने घ्यायचा असतो, आणि तो बरोबर की चूक हे हवा त्याच दिवशी सांगते.

मग येते जुळवणी, म्हणजे या छंदाचा खरा गाभा. पीळ उलगडू लागताच पहिल्या काही सेकंदांत पंख्याला जबर आघूर्ण मिळते, पुढे ते बराच वेळ जवळपास सम राहते आणि शेवटी ओसरते. मागून पाहता पंखा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत असेल, तर धड डावीकडे कलते. न्यूटनचा तिसरा नियम घोकणे वेगळे. त्याच नियमामुळे दोन आठवड्यांची मेहनत डाव्या पंखावर आपटताना पाहणे वेगळे. उपाय आहेत: पंख्याचा दांडा एक-दोन अंश उजवीकडे आणि थोडा खाली झुकवणे, नाकाशी चिमूटभर माती लावून गुरुत्वमध्य पुढे आणणे. पण शिस्त अशी, की एका वेळी एकच बदल. आधी पिळाविना गवतावर अलगद सोडून घसरण पाहायची, मग ५० पीळ, मग १००, आणि प्रत्येक उड्डाणाची वेळ वहीत. इतर घटक स्थिर ठेवून एकच बदलणे, ही विज्ञानाची पद्धत म्हणून फळ्यावर लिहिली जाते. इथे ती न पाळणाऱ्याचे विमान मोडते.

हे खेळणे आहे, असे म्हणणाऱ्यांनी इतिहास चाळावा. १८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसच्या त्विलरी उद्यानात आल्फोन्स पेनो यांचे रबरावरचे विमान ११ सेकंदांत सुमारे ४० मीटर उडाले. मागच्या शेपटीमुळे ते आपोआप स्थिर राहत होते. माणूस वाहून नेणारे विमान अजून तीन दशके दूर होते. १८७८ मध्ये राइट बंधूंच्या वडिलांनी मुलांना आणून दिलेले भिरभिरते खेळणेही पेनो यांच्याच रचनेवर बेतलेले, बूच, बांबू, कागद आणि रबराचे. पॉल मॅक्रेडी किशोरवयात प्रतिरूप विमानांच्या स्पर्धा जिंकत. १९७७ मध्ये त्यांच्या ‘गॉसमर कॉन्डॉर’ने केवळ मानवी स्नायूंच्या बळावर नियंत्रित उड्डाण करून क्रेमर पारितोषिक मिळवले. तारांनी ताणलेली ती हलकी, संथ रचना म्हणजे बंदिस्त सभागृहात उडणाऱ्या रबरी विमानाचीच थोरली बहीण होती.

आणखी एक कारण आहे, थोडे अप्रिय. जानेवारी २०१५ मध्ये मुंबईत भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेत प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला आणि देशभर वाद उसळला. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये चौपाटीवर विमान उडवल्याची कथाही महाराष्ट्रात अधूनमधून डोके वर काढतेच. ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथातील विमानांची चिकित्सा बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्येच केली होती, आणि ती विमाने उडू शकत नाहीत असा स्पष्ट निष्कर्ष काढला होता. तरी २०१५ चा वाद बहुतांशी अभिमान विरुद्ध उपहास असाच झाला. ज्या समाजात शाळेतल्या मुलांनी गुरुत्वमध्य दोन मिलिमीटर चुकल्याची शिक्षा भोगलेली असते, तिथे असा आराखडा समोर आल्यावर कुणी चिडत नाही. दहा ग्रॅमचे प्रतिरूप करून सोडून पाहू, एवढेच तिथे कुणीतरी म्हणते.

रोजगाराचा मुद्दा उरतो, आणि तो टाळता येणारा नाही. ड्रोन उद्योग वाढतो आहे, त्याला माणसे हवी आहेत. पण हवी आहेत ती कोणती? पेटी उघडून उडवणारी माणसे थोड्या दिवसांत तयार करता येतात. पंखा रचणारी, वजन घटवणारी, कमी वेगावर हवा कशी वागते हे जाणणारी माणसे तशी तयार होत नाहीत. रबराच्या विमानाचा पंख सुमारे १० हजार रेनॉल्ड्स अंकाला काम करतो. तिथे मोठ्या विमानाच्या जाड पंखाहून पातळ वक्र पत्रा सरस ठरतो. २०२१ मध्ये मंगळावर उडालेल्या ‘इन्जेन्युइटी’ या हेलिकॉप्टरची पाती विरळ हवेमुळे साधारण याच टापूत फिरत होती. त्याचे मुख्य अभियंता होते आयआयटी मद्रासचे माजी विद्यार्थी जे. बॉब बलराम.

तेव्हा मागणी साधी आहे. नव्या प्रयोगशाळांत उड्डाणाचे पहिले सत्र बॅटरीविना असावे. बाल्सा नसेल तिथे पतंगवाल्याच्या बांबूच्या कामट्या आणि पातळ कागद चालेल. एका ड्रोन-पेटीच्या किमतीत अख्ख्या वर्गाचे साहित्य येते. राष्ट्रीय छात्र सेनेच्या हवाई विभागात प्रतिरूप विमानांची परंपरा आहे. तिथले जाणकार शिक्षकांना शिकवू शकतील. गुण उड्डाणाच्या वहीला द्यावेत, छायाचित्राला नव्हे. आणि स्पर्धेला परीक्षक लागत नाही, स्टॉपवॉच पुरते. बंदिस्त जागेत उडणाऱ्या एफ-१-डी या आंतरराष्ट्रीय प्रकारात विमानाचे किमान वजन १.४ ग्रॅम आणि रबर जास्तीत जास्त ०.४ ग्रॅम असते, आणि ती विमाने वीस मिनिटे हवेत राहिलेली आहेत. शाळेच्या सभागृहात सुरुवातीला वीस सेकंद आले तरी चालतील.