दोष गटाचा नव्हे, आखणीचा

गटप्रकल्प म्हणजे एकाची मेहनत आणि चौघांना गुण, म्हणून ते बंदच करा, असे पत्र वाचले. तक्रार खरी आहे, उपाय चुकीचा. चौघांच्या नावे एकच फाइल स्वीकारली, तर तिघे आयते बसणारच! आखणी बदलली की काय होते, ते पाहा: अमेरिकेतील ऑस्टिनच्या शाळांत १९७१ मध्ये गोरी, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाची मुले नुकतीच एका वर्गात आली होती. मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांनी धड्याचे तुकडे करून गटातल्या प्रत्येकाला एकेक दिला. तो त्याने इतरांना शिकवायचा. परीक्षा मात्र पूर्ण धड्यावर, ज्याची त्याची. एरवी ज्याच्याकडे कुणी ढुंकून पाहिले नसते, त्याचेही ऐकणे भाग पडले. तोंडी परीक्षेत कुणालाही कुणाच्याही भागावर प्रश्न विचारावा, एवढे तरी शाळांनी सुरू करावे.

– एक शिक्षिका, सातारा