गल्ल्याचा हिशोब रोज, तब्येतीचा कधी?

रात्री दुकान वाढवताना गल्ला मोजायला आपल्यातला कोणताही व्यापारी विसरत नाही. उधारीची वही, शिल्लक माल, उद्याचे देणे, सारे नजरेखालून जाते. मात्र ज्या शरीराच्या जोरावर हा कारभार चालतो, त्याचे खाते बहुतेकांनी अजून उघडलेलेच नाही. त्यातही ज्यांच्या घरी शाळेत जाणारी मुले आहेत, त्यांची सबब ठरलेली असते. धंदा आणि मुले यांतून स्वतःकडे पाहायला सवड कुठे मिळते?

आमचे म्हणणे असे, की ही बाब केवळ डॉक्टरची नाही, धंद्याचीही आहे. आपल्यातील बहुसंख्य दुकाने आणि कारखाने एका माणसाच्या जिवावर चालतात. कायम नोकरीतला माणूस आजारी पडला तर त्याला रजा मिळते. शिंपी, सुतार, मेकॅनिक किंवा मागवाला अंथरुणाला खिळला, तर त्याच दिवसापासून कमाई थांबते. मग थोरला मुलगा कॉलेज सोडून गल्ल्यावर बसतो आणि मुलीच्या फीचे पैसे औषधांत जातात. बापाच्या दुखण्याची ही किंमत मुले भरतात, पण ती कोणत्याही वहीत लिहिली जात नाही.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. आणखी १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. उंबरठ्यावरच्या माणसाला रोजच्या साध्या सवयी पुष्कळदा परत फिरवू शकतात. प्रश्न सवय लावण्याचा नाही, ती टिकवण्याचा आहे.

वेळ नाही ही तक्रार खोटी नव्हे. मालेगाव, भिवंडीच्या मागावर बारा-बारा तासांची पाळी करणाऱ्या कारागिराला व्यायामशाळेत जा म्हणणे ही थट्टाच होईल. परंतु एक गोष्ट विचारात घ्यावी. रमजानमध्ये हाच कारागीर, हाच दुकानदार पहाटे उठतो आणि दिवसभर चहा, विडी, तंबाखूला शिवत नाही. महिनाभर हे बिनचूक चालते आणि ईदनंतर आठवड्यात सारे पूर्ववत होते. श्रद्धेचे बळ त्यामागे असते हे खरेच, पण आणखी दोन गोष्टी असतात. वेळ ठरलेली असते आणि सारे घर सोबत असते. बाकीच्या अकरा महिन्यांत नेमक्या याच दोन गोष्टी सुटतात. म्हणून नव्या सवयीसाठी नवा वेळ शोधत बसू नये. जी वेळ आधीच पक्की आहे, तिलाच ती बांधावी आणि घराला सोबत घ्यावे.

चालण्याचेच पाहा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे झपाट्याने चालण्यासारखी हालचाल सांगते. म्हणजे पाच दिवस अर्धा तास, आणि तोही तुकड्यांनी चालतो. फजरनंतर पुन्हा अंथरुणात न शिरता पंधरा मिनिटे चालावे. मुलाला मोटारसायकलवरून सोडण्याऐवजी शाळा जवळ असेल तर पायी न्यावे. मुलाशी चार शब्द बोलणेही त्यातच होते.

चहा बंद करा असे आम्ही म्हणणार नाही, कारण गिऱ्हाईक आले की चहा आलाच. पण दिवसाला सहा कप आणि कपाला दोन चमचे धरले, तर बारा चमचे साखर होते. वरून घातलेली साखर दिवसाला सुमारे सहा चमच्यांच्या आत असावी, असा सल्ला आहे. चहावाल्याला आपला कप कमी साखरेचा आणायला एकदा सांगून ठेवले, की रोज मन आवरावे लागत नाही.

जेवणाचा प्रश्न अधिक अवघड आहे. दुपारचे जेवण चार वाजता, तोवर समोसा-वडापाव, आणि रात्री अकराला पोटभर जेवून लगेच झोप. मुलेही अब्बांची वाट पाहत जागतात आणि सकाळी शाळेत पेंगतात. यावर आमची एक सूचना आहे. दुकानाच्या शेवटच्या अर्ध्या तासाची विक्री महिनाभर वेगळी लिहून पाहावी. ती किरकोळ निघाली, तर दुकान अर्धा तास आधी वाढवून मुलांसोबत जेवावे. एका बाजारपेठेतल्या सर्वांनी मिळून वेळ ठरवली, तर शेजाऱ्याकडे गिऱ्हाईक जाण्याची भीतीही उरत नाही.

तंबाखूबाबत स्पष्ट बोलले पाहिजे. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे आणि अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकणे गुन्हा आहे. तरीही मुलाच्या हाती पैसे देऊन पुडी आणायला पाठवणारे बाप आपल्या मोहल्ल्यांत आहेत. मुले उपदेशाने शिकत नाहीत, पाहून शिकतात. निदान हे पाठवणे आजच बंद व्हावे.

आणि घरच्या आईचे काय? शिलाई, जरीकाम करत मुले सांभाळणारी ती सर्वांत शेवटी, उरलेसुरले जेवते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्ताची कमतरता आढळली. तिचे ताट सर्वांबरोबर वाढले जावे. यास पैसा लागत नाही.

शेवटी हिशोब. तिशी ओलांडलेल्यांसाठी रक्तदाब आणि साखरेची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत होते. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर, उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून वर आढळली, तर पुन्हा तपासून डॉक्टरचा सल्ला घ्यावा. वजन आणि रक्तदाब महिन्यातून एकदा उधारीच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहावा. आकडा डोळ्यांसमोर असला, की व्यापाऱ्याला तो दुर्लक्षिता येत नाही.

सगळे एकदम करू पाहणारा पंधरा दिवसांत थकतो. तेव्हा यांतली एकच सवय निवडावी आणि ती अंगवळणी पडल्यावर दुसरी घ्यावी. मूल आजारी पडेल, लग्नसराईची गर्दी येईल, दोन-चार दिवस चुकतील. एक दिवस बोहनी झाली नाही म्हणून कोणी दुकान विकत नाही, दुसऱ्या दिवशी शटर उघडतोच. तब्येतीच्या बाबतीतही व्यापारी बांधवांनी हेच धोरण ठेवावे.